पिकअपचा काळा धूर आणि घरातली डिझेलची वही

आपल्या वस्त्यांमधून गेल्या काही वर्षांत एक व्यवसाय चांगलाच रुजला आहे. बँकेचे कर्ज, कुठे महामंडळाचे बीजभांडवल, कुठे आईच्या अंगावरचे चार दागिने, असे करून तरुण मुले पिकअप गाडी घेतात. मग भाजीपाला, सिमेंट, दुधाचे कॅन, मंडपाचे सामान, जे मिळेल ते भाडे मारतात. गाडी नवी असते तोवर हप्ता आणि डिझेल यांचा मेळ बसतो. काटा अडीच-तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेला की मात्र गाडी तक्रार करू लागते. घाटात ओढ कमी पडते, मागून काळा लोट निघतो, ॲव्हरेज घसरते आणि पीयूसीवाला नकारार्थी मान हलवतो. अशा वेळी चालक घाबरतो. घाबरलेल्या माणसाला मोठा खर्च सांगणे फार सोपे असते.

म्हणूनच या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. वाचक म्हणतील, कुटुंबाच्या पानावर नोझल आणि टर्बो कशाला? तर ज्या घराची चूल गाडीवर चालते, त्या घरात डिझेलचा हिशेब हा पिठामिठाच्या हिशेबाइतकाच घरचा असतो. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १३ किलोमीटर देत असेल तर तिला सुमारे २७० लिटर डिझेल लागते. तीच गाडी १० वर आली तर ३५० लिटर लागते. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले तरी महिन्याला सात हजार दोनशे रुपये धुराबरोबर उडून जातात. तेवढ्यात एका मुलाची शाळेची फी आणि घरातला किराणा होतो.

जुन्नर तालुक्यातल्या अशाच एका गाडीची तपासणी आम्ही दोन दिवस जवळ बसून पाहिली. गाडी २०१७ च्या उत्तरार्धातली, बीएस-४ प्रकारची, काट्यावर ३ लाख १० हजार किलोमीटर. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो माळशेज घाटाने उतरून कल्याण आणि वाशीला न्यायचा आणि येताना किराणा नाहीतर सिमेंट भरून तोच घाट चढायचा, हा तिचा नित्यक्रम. चार महिन्यांत ॲव्हरेज १३ वरून १० वर आले होते. चढाला काळा धूर, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा मधूनच लागायचा. पीयूसीत धुराचा आकडा २.१ आला. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२ ची, म्हणजे प्रमाणपत्र नाही. एका मोठ्या वर्कशॉपने संगणक जोडून पाहिला आणि पंप व चारही नोझल बदला, पंच्याऐंशी हजार रुपये होतील, असे सांगितले. गाडीचे अजून अकरा हप्ते बाकी होते.

ही घसरण प्रथम लक्षात आली ती चालकाच्या नव्हे, तर वहिनींच्या. दहावी शिकलेल्या या बाई घरात एक दोनशे पानी वही ठेवतात. तारीख, काट्यावरचे किलोमीटर, भरलेले लिटर, दिलेले पैसे, माल कोणता. टाकी दरवेळी एकाच पंपावर पूर्ण भरायची, पिस्तूल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबायचे, आणि मागच्या भरणीपासून झालेल्या किलोमीटरला आताच्या लिटरने भागायचे, अशी त्यांची रीत. एका भरणीवर विश्वास ठेवायचा नाही, तीन भरण्यांची सरासरी काढायची. ‘दोनशेचे टाका, पाचशेचे टाका’ अशा पद्धतीने डिझेल भरणाऱ्याला आपल्या गाडीचे ॲव्हरेज कधीच कळत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरे आहे. वहीमुळेच हेही कळले की, घसरण एका दिवसात झालेली नाही. पावसाळ्यानंतर ती हळूहळू सुरू झाली होती आणि परतीच्या भरलेल्या फेरीत ती जास्त होती. ही एक गोष्ट मिस्त्रीला संगणकापेक्षा अधिक उपयोगी पडली.

धुराचा रंग

ज्या उस्तादांकडे गाडी नेली ते चाळीस वर्षे डिझेल इंजिनावर काम करणारे. त्यांनी आधी बॉनेट उघडलेच नाही. गाडी गरम होऊ दिली, एकाला रेस द्यायला सांगितली आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले.

डिझेल इंजिनाचा धूर तीन रंगांचा असतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. अर्धवट जळलेल्या डिझेलची ती काजळी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील गेलेले असू शकते. पांढरा धूर सकाळी थंड इंजिनाला थोडा आला आणि गेला तर तो न जळलेल्या डिझेलचा. ग्लो प्लग, कॉम्प्रेशन, नोझल यांकडे पाहावे. पांढरा धूर गरम इंजिनालाही सुटतच राहिला, रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले आणि धुराला गोडसर वास आला, तर हेड गॅसकेट तपासावे. या गाडीचा धूर स्वच्छ काळा होता. निळा नाही, पांढरा नाही. म्हणजे इंजिनाचा आतला भाग बहुधा शाबूत आहे, ही पहिली बातमी, आणि ती फुकट मिळाली.

नंतर त्यांनी स्कॅनर जोडला. दोन कोड निघाले. पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. आणि पी ००८७, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी. मोठ्या वर्कशॉपनेही हेच दोन कोड पाहिले होते. ‘दाब कमी, म्हणून पंप खराब’ असा त्यांचा सरळ निष्कर्ष. उस्तादांचे म्हणणे वेगळे. ते म्हणाले, “भाऊ, कोड म्हणजे तापमापक आहे. ताप आहे एवढं सांगतो. मलेरिया की टायफॉइड, ते नाही सांगत.” रेलमध्ये दाब कमी येण्याची कारणे मोजली तर किती तरी निघतात: फिल्टर तुंबला, डिझेलच्या नळीत हवा शिरते, टाकीतली जाळी गाळाने भरली, दाब राखणारा व्हॉल्व्ह अडकतो, एखादे नोझल आतल्या आत गळते, आणि शेवटी पंप झिजला. यांतले पंप सर्वांत महाग, म्हणून त्याचा नंबर सर्वांत शेवटी. स्वस्त आणि सोपे ते आधी तपासावे, हा साधा नियम. आमच्या मते अडाणी मिस्त्री आणि जाणता मिस्त्री यांतला फरक इथेच दिसतो. हत्यारांच्या किमतीत तो नसतो.

सुरुवात हवेपासून. एअर फिल्टर काढून आपटला तर लाल मातीचा थर पडला. शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. फिल्टर बदलला. मग टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होस. वरून तो नव्यासारखा दिसत होता. हात खालून फिरवला तेव्हा बोटांना तेलकट काजळी लागली. टर्बोच्या हवेबरोबर ऑइलचा बारीक अंश नेहमीच जातो, त्यामुळे हवा जिथून निसटते तिथे असा तेलकट डाग धरतो. उस्तादांनी होसच्या एका तोंडाला बूच, दुसऱ्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले झाकण लावले, सायकलच्या पायपंपाने थोडीशी हवा भरली आणि वरून साबणाचे पाणी ओतले. क्लिपेच्या कडेला बोटभर लांबीच्या चिरेतून फेस आला. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली असते. घाटात टर्बो जोर करतो तेव्हाच ती उघडते. उभ्या गाडीला कितीही रेस देऊन ती सापडली नसती.

आता या चिरेने डिझेल कसे जाळले ते पाहण्यासारखे आहे. एअर फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा सेन्सर असतो. आत आलेली हवा तो मोजतो आणि त्या मापाने इंजिनाचा संगणक डिझेल सोडतो. पण मोजलेली हवा पुढे चिरेतून निसटून गेली तर इंजिनात डिझेल पूर्ण आणि हवा अपुरी. उरलेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. ओढ कमी झाली म्हणून चालक पाय अधिक दाबतो, मग आणखी डिझेल, आणखी धूर. चारशे-पाचशे रुपयांचा होस, पण महिन्याकाठी हजारोंचे नुकसान.

हवेच्याच वाटेवर दुसरा अडथळा होता ईजीआर व्हॉल्व्हचा. जळून गेलेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडायचा, म्हणजे ज्वलनाचे तापमान खाली येते आणि नायट्रोजन ऑक्साइडचे विषारी वायू कमी तयार होतात, ही त्याची कामगिरी. भरभक्कम लोड आला की तो पूर्ण मिटला पाहिजे. या गाडीतला व्हॉल्व्ह काढला तर आत काळ्या मेणासारखा थर इतका होता की तो पुरता मिटतच नव्हता. म्हणजे घाटात, जिथे हवेची खरी गरज, तिथे धूरच परत आत जात होता. कार्बन क्लीनर आणि ब्रश घेऊन तासभर घासल्यावर तो मोकळा झाला. नवे गॅसकेट घातले.

ढाब्यावरचे जाणते लोक याला एक सोपा उपाय सांगतात. पत्र्याची चकती घाला आणि ईजीआर कायमचा बंद करून टाका. त्याने ओढ सुधारल्यासारखी वाटते हे आम्ही नाकारत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. त्यामुळे चकती घातलेली गाडी पीयूसीत पासही होते. पण जो वायू दिसत नाही तो नाहीसा होत नाही. तो श्वसननलिकेला जाळतो, उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो, आणि दम्याच्या मुलाला तो धुरापेक्षा लवकर कळतो. शिवाय गाडीच्या प्रदूषण यंत्रणेत असा बदल करणे नियमबाह्य आहे आणि चकतीमुळे पिवळा दिवा कायमचा लागून राहतो. मग उद्या खरोखर दुसरा बिघाड झाला तरी चालकाला तो कळत नाही. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून विकण्याचा धंदाही असाच. आतल्या प्लॅटिनमसारख्या महाग धातूंसाठी भंगारवाला चांगले पैसे देतो, आणि मागे रिकामा डबा राहतो.

डिझेलची वाट

आता दुसरा कोड. इथे एक इशारा आधी देतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत कोणता सिलिंडर मार खातो हे शोधायला मिस्त्री चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचा नट एकेक करून सैल करीत. त्या काळी ते चालून जाई. कॉमन रेल गाडीत हे कदापि करू नये. या रेलमध्ये गाडी नुसती उभी असतानाही अडीच-तीनशे बार दाब असतो आणि जोर दिला की तो हजाराच्या वर, सोळाशेच्या आसपासही जातो. ट्रकच्या टायरमधली हवा आठ-दहा बारची असते, यावरून कल्पना करावी. या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून थेट आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमावायची पाळी येते. गळती हाताने चाचपून पाहू नये. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्या पाइपाला पाना लावू नये. कोणाला अशी धार लागलीच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना डिझेलची धार लागली असे स्पष्ट सांगावे.

या गाडीच्या टाकीत वेगळा पंप नव्हता. इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. अशा रचनेत टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कुठे चीर असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली डाग नाही, वास नाही, आणि बिघाड लपून राहतो. उस्तादांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. गाडी सुरू केली तर त्या नळीतून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे जाताना आम्हीही पाहिले. शोधत मागे गेल्यावर फिल्टरच्या वरचा हातपंप आणि खालची पाणी साठवणारी वाटी, यांतल्या वाटीची रबरी रिंग कडक होऊन चिरलेली सापडली. वाटीत अर्धा कप पाणी आणि तळाला गाळ. फिल्टर कापून उघडला तर कागद काळा पडलेला.

फिल्टर सहा महिन्यांपूर्वीच बदलला होता, पण तो बाजारातला हलका. दीडशे-दोनशे रुपये वाचवणारा असा फिल्टर लवकर तुंबतो, नाहीतर बारीक कचरा पुढे सोडतो. कॉमन रेल पंप आणि नोझल यांचे वंगण म्हणजे दुसरे काही नाही, ते डिझेलच. त्यात पाणी, गाळ किंवा रॉकेल आले की पोलाद पोलादावर घासते. हायवेच्या कडेला कॅनमधून मिळणारे ‘मिक्स’ स्वस्त पडते ते याचसाठी. पंपावरच्या डिझेलबद्दल शंका आली तर ग्राहकाला घनता तपासून मागण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने माप तपासण्याचा हक्क आहे, आणि ती साधने पंपावर ठेवणे बंधनकारक आहे. वाद घालण्याची गरज नाही, शांतपणे मागावे. पावसाळ्यात त्या वाटीतले पाणी दर आठवड्याला खालचा स्क्रू सैल करून सोडावे. पाच मिनिटांचे काम आहे.

रिंग बदलली, चांगला फिल्टर घातला, बुडबुडे थांबले. मग गाडीत वजन भरून चढाच्या रस्त्याला नेली आणि शेजारी बसलेल्या मुलाने स्कॅनरवर दोन आकडे पाहायचे: संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीने चढले. पंप जर खरोखर झिजला असता तर जोर पडताच दुसरा आकडा मागे राहिला असता. म्हणजे पंपाला हातही लावायचे कारण नव्हते.

नोझलांची परीक्षा तर अगदी घरगुती. प्रत्येक नोझलमधून थोडे डिझेल टाकीकडे परत जाते. त्या परतीच्या चार नळ्या काढून चार सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. तीन बाटल्यांत साधारण सारखेच डिझेल जमले. तिसऱ्या क्रमांकाच्या बाटलीत अडीच पट. चारांतले एकच नोझल आतून गळत होते. तेवढेच काढून पंप-नोझलच्या दुकानात टेस्ट बेंचवर लावून दुरुस्त करून आणले. असे नोझल परत बसवताना एक गोष्ट विसरली जाते. बहुतेक कॉमन रेल नोझलवर एक संकेतांक कोरलेला असतो आणि नवे नोझल बसवले की तो इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. न भरल्यास नवे नोझल घालूनही गाडी थरथरते आणि धूर मारते, आणि मग गिऱ्हाईक म्हणते मालच खोटा दिला.

एवढे झाल्यावर उस्तादांनी जॅक लावून चारही चाके हाताने फिरवून पाहिली. मागचे डावे चाक अर्ध्या फेऱ्यात थांबले. ब्रेक धरत होता. याचा धुराशी थेट संबंध नाही, पण ॲव्हरेजशी आहे. ॲव्हरेज पडले की प्रत्येक जण इंजिनाकडे पाहतो. चिकटलेला ब्रेक, कमी हवेचे टायर, घसरणारा क्लच, अडकून उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट (त्याने इंजिन कधी पुरते गरमच होत नाही आणि संगणक डिझेल जास्त सोडत राहतो), यांकडे कोणी पाहत नाही. आणि गाडीच्या कागदावर लिहिल्यापेक्षा जास्त माल भरला तर कोणताही मिस्त्री धूर थांबवू शकत नाही. टोमॅटोच्या क्रेटचे वजन करून कोण भरतो, हा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा सगळेच हसले.

दोन फिल्टर, होस, रिंग, गॅसकेट, एका नोझलची दुरुस्ती, ब्रेकचे काम आणि दोन दिवसांची मजुरी मिळून बिल पंच्याऐंशी हजारांच्या पाव हिश्श्याच्याही आत बसले. पीयूसीत धुराचा आकडा ०.९ आला. वहीतल्या पुढच्या तीन भरण्यांची सरासरी साडेबारा आहे. तेरा आलेली नाही, आणि तीन लाखांच्या पुढच्या इंजिनाकडून तशी अपेक्षाही धरू नये.

पीयूसीला जाताना

डिझेल गाडीची पीयूसी तपासणी म्हणजे इंजिन गरम असताना गिअर न टाकता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, असे अनेकदा करून धुराची सरासरी काढायची. त्यामुळे थंड गाडी घेऊन जाऊ नये. आधी पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालवावी, म्हणजे सायलेन्सरमध्ये साठलेली काजळीही निघून जाते. धुराची मर्यादा गाडीच्या पिढीप्रमाणे वेगळी आहे. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला २.४५, बीएस-४ ला १.६२, बीएस-६ ला ०.७. देशभर बीएस-४ लागू झाले १ एप्रिल २०१७ ला, आणि बीएस-५ वगळून एकदम बीएस-६ आले १ एप्रिल २०२० ला. आपल्या आरसी पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहून ठेवावे, कारण चुकीच्या मर्यादेने तपासणी झाली तर पुढे पासिंगच्या वेळी घोळ होतो. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी असते, हेही लक्षात असू द्यावे.

काही ठिकाणी नळी सायलेन्सरला न लावताच कागद मिळतो, हे सर्वांना माहीत आहे. असा कागद घेणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. रस्त्यावर उभ्या पोलिसापुढे त्याला कागद दाखवायचा असतो. पण त्या कागदाने त्याचे ॲव्हरेज वाढत नाही. खरा आकडा मागून घेऊन वहीत लिहून ठेवला तर तो पुढच्या वेळी कामाला येतो. १.१ वरून १.५ झाला म्हणजे गाडी अजून पास असली तरी आत काही तरी बिघडू लागले आहे.

धुराचा दुसरा हिशेब वस्तीचा आहे. सकाळी साडेचारला गाडी दारात सुरू करून दहा-पंधरा मिनिटे घुरघुरत ठेवायची सवय अनेकांना आहे. गल्ली आठ फुटांची, खिडकी सायलेन्सरच्या उंचीला, आत पोरे झोपलेली. दोरीवरच्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात म्हणून बायका भांडतात, पण त्या ठिपक्यांहून कितीतरी बारीक काजळी फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. ज्यांना तो सर्वांत जास्त घ्यावा लागतो ते म्हणजे चालक, हमाल, गॅरेजमधली पोरे आणि रस्त्याकडेच्या घरांतली माणसे. आजच्या इंजिनाला उभ्याने एवढे तापवण्याची गरजच नाही. अर्धा-एक मिनिट थांबून हळू चाल धरली की इंजिन चालता चालता लवकर गरम होते. लांबून भरून आलेल्या गाडीचा टर्बो थंड व्हायला मिनिटभर इंजिन चालू ठेवावे ते वेगळे. ते वस्तीच्या बाहेर, नाक्यावर करता येते. गॅरेजच्या बंद शेडमध्ये रेस देऊन पाहणे हेही थांबले पाहिजे. आमच्या उस्तादांना चाळीस वर्षांच्या धंद्यानंतर जिना चढताना धाप लागते.

आता जुनी बीएस-६ पिकअप विकत घेण्याचा विचार अनेक जण करीत आहेत, त्यांच्यासाठी थोडे. बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, असते. ती भरली की गाडी वायूचे तापमान वाढवून आतली काजळी जाळून टाकते. त्यासाठी सलग काही काळ वेगाने चालावे लागते. दिवसभर बाजारात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची जाळी जळतच नाही, तुंबते, आणि बदलायची तर फार महाग पडते. घेण्यापूर्वी मालकाला गाडी कोणत्या कामाला होती ते विचारावे, स्कॅनर लावून जाळी किती भरली आहे ते पाहावे, आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. जाळी शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघते. काळे कुट्ट निघाले तर आतली जाळी फुटली आहे किंवा कोणी तरी ती काढून घेतली आहे, असे समजून किंमत ठरवावी. या गाड्यांना इंजिन ऑइलही कमी राख होणारेच लागते. साधे ऑइल ओतले तर त्याची राख जाळीत बसते आणि ती राख कशानेही जळत नाही.